तुमच्या नावाची सव्वा मूठ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

धुळ्यात राहणाऱ्या एका निवृत्त नायब सुभेदारांचं हे पत्र आहे. वय ५१. ते आणि भडगाव तालुक्यातला त्यांचा मित्र १९९२ साली एकाच भरतीत निवडले गेले आणि एकाच पलटणीत गेले. जून १९९९ मध्ये दोघंही सुट्टीवर होते. कारगिलची लढाई पेटली, 'ताबडतोब हजर व्हा' अशी तार आली आणि दोघं जळगावहून झेलम एक्स्प्रेसमध्ये चढले. आरक्षण नव्हतंच. दाराजवळ ट्रंका टाकून त्यांच्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी झाशीला पत्रलेखक पाणी भरायला उतरले. नळावर झुंबड होती. गाडी हलली, डबा हाती लागेना. साखळी ओढायची तर मध्ये माणसांची भिंत. मित्राने ते पाहिलं आणि हातातल्या दशम्यांच्या डब्यासकट चालत्या गाडीतून उडी मारली. सामान पुढे गेलं. मागच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेपर्यंत रात्र झाली, जम्मूहून निघणारा ताफाही चुकला. पलटणीत दोघं दोन दिवस उशिरा पोचले.

लढाई संपल्यावर उशिराबद्दल साहेबांपुढे पेशी लागली. पत्रलेखकांचं नाव तेव्हा नायकाच्या केडरसाठी, म्हणजे बढतीच्या कोर्ससाठी, लागलेलं होतं. आदल्या रात्री मित्र म्हणाला, "तू चूप ऱ्हा, मी सांगस." साहेबांपुढे त्याने गोष्ट उलटी करून सांगितली. पाण्याला मी उतरलो, हा माझ्यासाठी मागे राहिला. त्याला शिक्षा झाली, नोकरीच्या कागदावर शिक्षेची लाल शाईतली नोंद लागली. पत्रलेखक ताकीद मिळून सुटले. ते गप्प राहिले होते.

मित्र २००९ साली १७ वर्षांच्या नोकरीनंतर शिपाई म्हणूनच घरी आला. पत्रलेखक २०१८ साली नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. मित्राचं गाव एसटीने दोन तासांवर आहे, तरी ते तिथे एकदाही गेलेले नाहीत. पलटणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मित्राचं नाव आजही 'झाँसी' आहे, आणि त्यावर सगळे हसतात. आता हिवाळ्यात पलटणीच्या जुन्या जवानांचा मेळावा आहे. त्याआधी श्रावणात मित्राच्या घरी कानबाई बसणार आहे. त्याने एवढाच निरोप पाठवला : "यंदा तुन्हा नावनी बी सव्वा मूठ लिसू. ये."

ते विचारतात : मेळाव्यात उभं राहून खरं सांगून टाकू का? रेकॉर्ड ऑफिसला लिहून त्याच्यावरचा डाग पुसून घेऊ का? त्याच्या मुलीने यंदा फार्मसीला प्रवेश घेतला आहे, तिच्यासाठी दोन लाख रुपये देऊ का? आणि कानबाईला कोणत्या तोंडाने जाऊ?

उत्तर

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र सात पानांचं आहे आणि मित्राचा निरोप सहाव्या पानाच्या तळाशी, दोन ओळींत उरकलेला आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या दोन ओळींत आहेत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. रोटासाठी घरातले लहानमोठे पुरुष मोजतात आणि प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घेतात. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याच्या नावाची मूठ निघते. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली माणसं त्या रविवारसाठी गावाकडे धावतात. आणि तो रोट भाऊबंदातच खायचा असतो, बाहेरच्याला वाढत नाहीत.

आता तो निरोप पुन्हा वाचा. 'जेवायला ये' असं तो म्हणालेला नाही. पाहुणा म्हणून बोलवायचं असतं तर त्याने मुलीच्या प्रवेशाचे पेढे खायला बोलावलं असतं. तो म्हणतोय, घरातल्या पुरुषांच्या मोजणीत तुला धरतोय. मनात गाठ ठेवून बसलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने धान्य मोजत नाही. तुम्ही मात्र सात पानं हेच धरून चाललात की तो मनात काहीतरी ठेवून आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रभर शोधलं, त्याच्या तोंडचं एकही कडू वाक्य सापडलं नाही. जे कडू आहे ते सगळं तुम्ही त्याच्या वतीने लिहिलंय.

दुसरी गोष्ट त्या लाल शाईची. तुमचं गणित असं : मी गप्प राहिलो, म्हणून नोंद झाली, म्हणून तो शिपाईच राहिला, म्हणून त्याची पेन्शन कमी. एकात एक अडकवलेल्या कड्या. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच ओघात लिहून गेलात की २००३ साली त्याचा गुडघा गेला आणि मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची प्रतवारी, खाली आली. तुम्ही २६ वर्षं फौजेत काढलीत. बढतीला केडर लागतो, शिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं, कॅटेगरी लागते आणि जागाही रिकामी लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. लाल शाईने अडथळा केला असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण एका नोंदीने अख्खी १७ वर्षं ठरली असं म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या नोकरीचा मालक तुम्ही होणं आहे. पेन्शनचंही तसंच. ती हुद्द्यावर ठरते आणि नोकरी किती वर्षं झाली त्यावरही ठरते. वन रँक वन पेन्शनमध्येसुद्धा ही दोन्ही परिमाणं धरलेली आहेत. तुमची नोकरी त्याच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त. शिवाय २००८ पासून जवानांना ८, १६ आणि २४ वर्षांना पगाराची पायरी वाढून मिळते, हुद्दा मिळो न मिळो. तो १७ वर्षं पुरी करून आला, म्हणजे सोळाव्या वर्षाची पायरी पार करून.

तो २००९ सालीच घरी का आला, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय? पत्रात तसं कुठे दिसत नाही. घरी गिरणाकाठची शेती होती, आई एकटी होती, हे मात्र दिसतं. कदाचित त्याला घरीच यायचं असेल. मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही, आणि तुम्हाला विचारता येण्यासारखं आहे.

माझे मामा तोफखान्यात होते. नाशिकरोडला शिकून निघाले ते ईशान्येकडे, काश्मीरकडे, सगळीकडे फिरून आले. त्यांची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, अजून आमच्या आजोळी आहे. आता तिच्यात उडदाचे पापड असतात. लढाईबद्दल विचारलं की मामा दोन वाक्यांत मिटवायचे. पण गाडीतल्या प्रवासाचं एकदा सुरू झालं की जेवणं थंड व्हायची. कुणी कुठे चहा पाजला, कुणाची टोपी खिडकीतून उडाली, इटारसीला पुरी-भाजीचे पैसे कुणी दिले. लहानपणी मला याचं नवल वाटायचं. मोठेपणी कळलं. पलटणीत माणूस हुकमावर उठतो, हुकमावर बसतो. घरी तो मुलगा असतो, नवरा असतो. या दोहोंच्या मध्ये, गाडीत, दीड-दोन दिवस तो कुणाच्याच ताब्यात नसतो. तिथे तो जे करतो ते स्वतःच्या मनाने करतो.

म्हणून झाशीची ती उडी एवढी मोठी आहे. ती मार असा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. तुम्ही हाकसुद्धा मारली नव्हती. तुम्हीच लिहिलंय की घशातून आवाज फुटत नव्हता. त्याने पाहिलं आणि उडी मारली. आणि तुम्ही लिहिलेली ती ट्रंकेची हकीकत! जळगावच्या फलाटावरच त्याने दोघांच्या ट्रंका एकाच साखळीने बांधून एकच कुलूप घातलं होतं आणि किल्ली करगोट्याला अडकवली होती. डब्यातल्या अनोळखी जवानांनी त्या ट्रंका जम्मूला एमसीओच्या, म्हणजे जवानांच्या प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या, ऑफिसात जमा केल्या, तेव्हाही त्या तशाच एकमेकींना जखडलेल्या होत्या. नेणाऱ्याला एक नेऊन दुसरी सोडणं शक्यच नव्हतं. दादा, ही गोष्ट तुम्ही चार ओळींत लिहून पुढे गेलात आणि शिक्षेवर दीड पान लिहिलंत.

आता तुमच्या चुकीकडे वळते. तुम्ही निर्दोष आहात असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते पटणार नाही. उशीर ही तुमची चूक नव्हती. तेव्हा रूळ जम्मू तवीलाच संपायचे, पुढे बनिहाल, श्रीनगर, झोजिला असा सगळा रस्त्याचा प्रवास; एक ताफा चुकला की दिवस हातचा जायचा. पेशीच्या वेळचं गप्प राहणं मात्र तुमचंच. पंचविशीतलं पोर, लढाईतून नुकतंच उतरलेलं, समोर पलटणीचे प्रमुख सीओ साहेब, आणि मित्रानेच तोंडावर बोट ठेवायला सांगितलेलं. समजण्यासारखं आहे. तरी ते तुमचंच.

पण ज्याची माफी मागायला तुम्ही धडपडताय, त्याहून मोठी एक चूक पत्रात आहे, आणि ती तुम्ही जवळपास लपवून लिहिली आहे. पाचव्या पानावर, कंसात. '(२०११ ला त्याची आई वारली तेव्हा मी सुट्टीवर धुळ्यातच होतो, पण गेलो नाही.)' ज्या माउलीने त्या दिवशी पहाटे उठून दोघांच्या पुरतील एवढ्या दशम्या भाजल्या होत्या, ती ही आई. झाशीच्या फलाटावर बसून तुम्ही दोघांनी त्याच दशम्या ठेच्याबरोबर खाल्ल्यात. तिच्या दारावर तुम्ही गेला नाहीत.

हे मी टोचायला लिहीत नाही. मला वाटतं, तुमची झोप जी उडते ती ह्याने. १९९९ सालच्या गोष्टीत त्याची संमती होती. ती दोघांची मिळून केलेली गोष्ट होती. २००९ नंतरची पाठ एकट्या तुम्ही फिरवलीत. लाजेने फिरवलीत, हे मला कळतं. पण त्याच्या अंगणातून ते कसं दिसलं असेल? मित्र सुभेदार झाला, शहरात घर झालं, आता तो कशाला येईल.

म्हणजे माफी मागायचीच असेल तर ती ह्याची मागा.

आता तुमचे प्रश्न. मेळाव्यात उभं राहून सांगायचं का? आधी त्याला विचारल्याशिवाय मुळीच नाही. ती गोष्ट निम्मी त्याची आहे. पेशीत खोटं तो बोलला होता. तुम्ही खरं सांगून मोकळे व्हाल आणि पन्नास जणांसमोर त्याने साहेबांना फसवलं होतं हेही त्याच वाक्यात जाहीर होईल. त्याला ते चालणार असेल, किंवा हसत हसत तोच सांगणार असेल, तर सोन्याहून पिवळं. नाही म्हणाला तर नाही. तुमचं मन हलकं करण्याचा खर्च त्याच्या नावावर टाकू नका.

'झाँसी' या नावाचं मात्र आजच करता येईल आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ग्रुपवर कुणी ते लिहिलं की तुम्हीही हसण्याचं चिन्ह टाकता, असं लिहिलंय. ते बंद करा. आणि पुढच्या वेळी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, सगळ्यांच्या देखत, खुलासा न देता. तो ते ओळखेल. कदाचित त्याला ते टोपणनाव आवडतही असेल, फौजेत टोपणनावावर जीव असतो. पण ते त्याने ठरवायचं. ज्याच्यामुळे ते पडलं त्याने त्यावर हसायचं नाही.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिणं मी थांबवायला सांगेन. इतक्या वर्षांनी एका पत्राने निवृत्तीचा हुद्दा बदलेल ही आशा धरू नका, आणि जुनी जबानी खोटी होती असं कागदावर आलं तर त्याचा त्रास कुणाला होईल हे आधी एखाद्या जाणत्या निवृत्त अधिकाऱ्याकडून समजून घ्या. मित्राची इच्छा असेल तरच. नसेल तर तो विषय तिथेच सोडा.

दोन लाखांबद्दल. देऊ नका. पैसे वाईट असतात म्हणून नव्हे; त्याला पुढेमागे अडचण आली आणि त्याने मागितले तर एका हाताने द्या, दुसऱ्या हाताला कळू देऊ नका. पण आज, सोळा वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताना खिशात चेक असेल, तर तुम्ही त्या उडीला भाव लावलात असं होईल. तो घेईल किंवा नाकारेल, दोन्हीत तो लहान होतो. त्याने तुम्हाला उसनं काही दिलेलं नव्हतं.

मुलीसाठी काही करायचं असेल तर ह्याहून कामाचं आहे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना अर्ज करता येतो, आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के लागतात, आणि मुलींना महिन्याला ३,००० रुपये मिळतात. अर्ज ऑनलाइन असतो, कागदांची पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते, आणि मुदत चुकली की ते वर्ष गेलं. खेड्यातल्या किती घरांत ही योजना माहीत असते? मी तरी अनेकदा 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' हेच ऐकलंय. तुम्ही नायब सुभेदार, कागद पाहिलेला माणूस. मुलीशेजारी बसून अर्ज भरा, तिला घेऊन जळगावच्या कार्यालयात जा. जमलं तर मित्राचं पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवरचं खातं, दरवर्षीचा हयातीचा दाखला, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड हेही एकदा बघून द्या. उपकार म्हणून सांगायची गरज नाही. घरातला शिकलेला काका हेच करतो.

असंच पत्र आणखी काहींनी लिहिलं असतं असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत होतं. ज्यांचा जुना साथीदार हरवलाच आहे, पत्ता नाही, फोन नाही, त्यांनी त्याचा आर्मी नंबर आठवून पाहावा. नाव विसरतं, पण बऱ्याच जणांना शेजारच्या खाटेवरच्याचा नंबर तोंडपाठ असतो. त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आपला नाव-पत्ता आणि फोन देऊन निरोप पोचवण्याची विनंती करावी. त्याचा नंबर मागण्यापेक्षा आपला देणं बरं. यायचं की नाही ते त्याच्या हातात राहतं. आणि गेल्यावर उंबऱ्याआड फोटोला हार दिसला, तर परत फिरू नका. आत जाऊन बसा. घरच्यांना त्या माणसाची गाडीतली, बराकीतली वर्षं माहीतच नसतात. ती तुमच्याजवळ आहेत.

तुम्ही लिहिलंय की अजूनही रात्री गाडी हलल्याचं स्वप्न पडतं आणि घामाने भिजून उठता. भेटीनंतर ते कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. नाही झालं तर अंगावर काढू नका. ईसीएचएसच्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, कोणत्या तोंडाने जाऊ. रविवारी जाऊ नका, शनिवारीच जा. रविवारी घर माणसांनी फुललेलं असेल आणि तुम्ही पाहुण्यासारखे ओट्यावर बसून राहाल. शनिवारी कामं असतात. दळण आणायचं असतं, चौरंग, फुलं, केळीचे खांब. हाताला काम असलं की तोंडाची अडचण कमी होते. वहिनींनाही न्या, त्यांना हे सगळं माहीत नाही असं लिहिलंय. दोन तासांच्या एसटीत सांगून होईल. घरात शिरल्यावर आधी त्याच्या आईच्या फोटोपुढे जा. तिथे जे म्हणायचंय ते म्हणा, तो मागे उभा असेल तरी हरकत नाही.

बाकीचं बोलणं सोमवारवर ठेवा. विसर्जनाला अख्खं गाव नाचत नदीवर जातं, आणि परतताना माणसं पांगतात. तेव्हा दोघं जरा मागे राहा. आणि हो, पाण्याची बाटली न्या. ती हिरव्या लोकरीच्या कव्हरची, जी अजून माळ्यावर आहे म्हणता, तीच. घरून भरून न्या.